रोजच्या ताटाचा पर्यावरणावरचा भार : स्वयंपाकघरात नेमकं काय बदलायचं?

कोरडवाहू

अन्नातून होणारं उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘जवळपास पिकलेलं खा’ हा. सल्ला चांगला आहे, पण महत्त्वाच्या क्रमात तो बराच खाली येतो. म्हणून आधी एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे जागतिक सरासरीचे आहेत आणि मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून धरले आहेत.

चौघांचं घर धरा. महिन्याला १० किलो तांदूळ, रोज १ लिटर दूध, एक सिलिंडर.

तांदूळ किलोमागे साधारण ४ किलो उत्सर्जन, म्हणजे ४० किलो. दूध लिटरमागे ३ किलोच्या आसपास, म्हणजे ९० किलो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि १ किलो गॅस जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ४२-४३ किलो.

आता वाहतूक बघा. हाच १० किलो तांदूळ गोंदियाहून पुण्याला ट्रकने आला तर एक-दीड किलोची भर पडते. म्हणजे तांदूळ कुठून आला यापेक्षा तो तांदूळ आहे की ज्वारी, याने कितीतरी जास्त फरक पडतो. भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं, मातीला हवा मिळत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. रब्बी ज्वारीला खाचर लागत नाही. ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते.

मांसाहार असेल तर मटण किलोमागे २५ ते ४०, चिकन ६ ते १०, अंडी साडेचारच्या आसपास. डाळी-कडधान्यं १ च्या जवळपास. त्यामुळे माझा क्रम असा : फेकलं जाणारं अन्न, मग मटण आणि दुधाचे घट्ट पदार्थ, मग तांदूळ, मग इंधन. वाहतूक सगळ्यात शेवटी, एक अपवाद सोडून. तो म्हणजे विमानाने येणारा माल.

शेवगा

दुधाचा आकडा आपल्याकडे तसाच लावता येईल का? परदेशात गाईंना मका-सोया घालतात. आपल्याकडे कडबा, भाताचं काड, पेंड. माणसाने न खाल्लेलंच जनावर खातं.

गोठा_ते_ताट

शेवगा, मुद्दा अर्धा बरोबर आहे. कडब्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, त्यामुळे चाऱ्याच्या शेतीचा भार आपल्याकडे कमी आहे. पण दुधाच्या उत्सर्जनातला मोठा वाटा जनावराच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा असतो, आणि चारा जितका निकृष्ट आणि तंतुमय तितका दर किलो चाऱ्यामागे मिथेन जास्त. शिवाय जे जनावर दिवसाला चार लिटर देतं त्याचा वर्षभराचा मिथेन, भाकड काळासकट, थोड्याच लिटरांवर वाटला जातो. म्हणून भारतात लिटरमागचा आकडा सरासरीपेक्षा कमी असेल असं धरून चालू नये. मात्र त्याच जनावराचं शेण शेतात जातं, बैल औताला येतो. सगळा भार दुधाच्या माथी मारणंही योग्य नाही. हा प्रश्न एका आकड्यात मावणारा नाही.

घरात काय करायचं ते मात्र स्पष्ट आहे. चहा-दह्यापुरतं दूध राहू द्या, पनीर आणि चीज कमी करा. गाईच्या १ लिटर दुधातून जेमतेम १५० ते १८० ग्रॅम पनीर निघतं, म्हशीच्या दुधातून २०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर पनीरमागे ५-६ लिटर दूध.

प्रथिनांसाठी पनीर खात असाल तर हिशेब असा : १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये २५-२६ ग्रॅम. या वड्या तेल काढून उरलेल्या सोयापिठाच्या असतात. वास आवडत नाही ही नेहमीची तक्रार, आणि ती बहुतेक वेळा भिजवण्यात चूक झाल्याने येते. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून वड्या १० मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, गार पाण्यात घाला, पुन्हा पिळा. पहिलं पाणी रश्शात वापरू नका, वास त्यातच उतरलेला असतो.

पनीर घरी केलंच तर निवळी ओतून देऊ नका. कणीक भिजवायला, कढीला, आमटीला चालते. लिंबाने फाडलेली असेल तर आमटीत चिंच-आमसूल कमी घाला.

वाफ

इंधनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे खर्च न करता बदल होतो.

कुकरमध्ये दाब आला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास स्थिरावतं. त्यानंतर आच मोठी ठेवली तर तापमान वाढत नाही, फक्त शिट्ट्या जास्त होतात. प्रत्येक शिट्टी म्हणजे आपणच तापवलेली वाफ बाहेर सोडणं. म्हणून पहिली शिट्टी येण्याच्या बेतात आच अगदी बारीक करा आणि मिनिटं मोजा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ ७-८ मिनिटं. रात्रभर भिजवलेले हरभरे १५ मिनिटं. नंतर बंद करून दाब आपोआप उतरू द्या. त्या दहा मिनिटांतही शिजणं चालूच असतं.

खाली डाळ, मधल्या भांड्यात भात, वर बटाटा किंवा भोपळा, हे जुनं कुकर लावणं इंधनाच्या दृष्टीने सर्वात चांगलं आहे. बिघडतं ते दोन कारणांनी. तळाचं पाणी कमी पडतं, किंवा भात आणि न भिजवलेली डाळ एकत्र ठेवल्याने भात गिच्च होतो आणि डाळ टचटचीत राहते. डाळ आधी भिजवली की दोघांचा वेळ जुळतो.

इंडक्शनबद्दल गैरसमज बराच आहे. १ किलो गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. शेगडीतून त्यातली ६५ टक्के भांड्याला मिळाली तर भांड्यात पोचलेल्या एका युनिटमागे ०.३६ किलो उत्सर्जन. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तरी हाच आकडा ०.८२ येतो. म्हणजे आज ग्रिडच्या विजेवर इंडक्शन लावलं तर उत्सर्जन दुपटीहून जास्त. छतावर सोलर असेल आणि दुपारी कुकर लावत असाल तर गणित पूर्ण उलटं होतं. घरातल्या हवेसाठी इंडक्शन चांगलं हा मुद्दा वेगळा आणि तोही खरा.

सुगरण_खोपा

वाफ, उकळी आलेलं भांडं खाली उतरवून, गोधडीत गुंडाळून त्याच्याच उष्णतेवर शिजवण्याबद्दल लिहा ना. बऱ्याच जणींचं म्हणणं, भात होतो पण कडधान्य कच्चं राहतं.

वाफ

कच्चं राहण्याचं मुख्य कारण प्रमाण. अर्धा लिटरचं भांडं पटकन निवतं. किमान २ लिटर ऐवज हवा आणि भांडं जवळजवळ काठोकाठ भरलेलं हवं. अर्धं रिकामं भांडं उष्णता धरत नाही.

गोधडीऐवजी उष्णता धरणारी पेटी करा, ती अशी. भांड्यापेक्षा सगळीकडून १० सेंटिमीटर मोठी टोपली किंवा पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला आणि बाजूंना भाताचं तूस, कोरडं गवत किंवा जुने कपडे ठासून भरा, मध्ये भांड्याच्या आकाराची खोबण ठेवा. वरून जाड उशी. तूस कापडी पिशवीत भरा, मोकळं टाकलं तर वाफेने ओलं होऊन बुरशी धरतं. दर वापरानंतर उशी उन्हात टाका.

भिजवलेला भात झाकण ठेवून ५ मिनिटं खळखळून उकळा आणि पेटीत ४५ मिनिटं ठेवा. नेहमीपेक्षा पाणी थोडं कमी, कारण वाफ बाहेर जात नाही. मूगडाळ १० मिनिटं उकळून दीड तास. भिजवलेले हरभरे २० मिनिटं उकळून ४ तास. मध्ये झाकण उघडायचं नाही.

राजम्याला वेगळा नियम, आणि हा वगळू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ८०-९० अंशांवर तासन्‌तास ठेवलं तरी ते नीट नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळी झालीच पाहिजे, मगच पेटी. शंका असेल तर राजमा कुकरमध्येच करा.

पेटीतून काढलेला पदार्थ हाताला कोमट लागत असेल तर पुन्हा उकळूनच वाढा. ६० अंशांच्या खाली गेलेलं अन्न तास-दोन तास तसंच राहिलं की जिवाणू वाढतात.

शेवगा

बोअरच्या पाण्यात हरभरा कितीही शिट्ट्या काढल्या तरी शिजत नाही, त्याचं काय?

वाफ

जड पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेशी जोडून धरणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. तेवढं नसेल तर भिजवताना लिटरला पाव चमचा खायचा सोडा, आणि ते पाणी फेकून द्या. चिंच, टोमॅटो, आमसूल दाणा मऊ झाल्यावरच घाला, आंबटानेही साल कडक राहते. दोन वर्षं जुना माल असेल तर यातलं काहीच पुरेसं लागू पडत नाही. कडधान्य थोडं थोडं आणा.

सोलापुरी_मालदांडी

तांदळाऐवजी ज्वारी, यावर लिहितो. आठवड्यातून तीन-चार रात्री भाताच्या जागी भाकरी आली तरी चौघांच्या घरात महिन्याला ३-४ किलो तांदूळ सहज कमी होतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी वाणाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. दाण्याबरोबर कडबाही मिळतो, म्हणजे वर गोठा_ते_ताट यांनी सांगितलेला चारा इथूनच येतो.

शहरात भाकरी सुटते ती जमत नाही म्हणून. ज्वारीत ग्लुटेन नाही, पिठाला चिकटपणा फक्त स्टार्चचा. १ वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घाला, झाकून ५ मिनिटं ठेवा, मग तळव्याने जोर देऊन ३-४ मिनिटं मळा. एका वेळी एका भाकरीचाच उंडा मळून लगेच थापायचा, पडून राहिला की चिरा जातात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर भाकरी फुगत नाही.

एवढं करूनही तुटत असेल तर पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ दहा-पंधरा दिवसांचंच दळा. बाजरीला त्याहून कमी, उन्हाळ्यात ५ ते ७ दिवस. बाजरीत तेलाचा अंश ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि दळल्याबरोबर तिच्यातलंच लायपेझ हे विकर (एन्झाइम) ते तेल फोडू लागतं. कडवट चव त्याचीच. फ्रिजमध्ये पीठ दुप्पट टिकतं.

भगर भाताऐवजी चांगली, पण सुटं भगरीचं पीठ घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दमट जागी ठेवलेल्या मालाला बुरशी लागते आणि डोळ्यांना ती दिसत नाही. अख्खी, पाकीटबंद, तारीख बघून घ्या. निवडून, धुऊन, भाजून शिजवा आणि शिजवलेली त्याच वेळी संपवा.

खाडीकाठ

मासे कुणीच आणले नाहीत. माशाच्या बाबतीत किलोमागच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी बघा : जाळं कोणतं, माप किती, महिना कोणता.

बांगडा आणि तारली थव्याने राहतात, जाळ्यात एकदम येतात, किलोमागे डिझेल कमी जळतं. ट्रॉलरची कोळंबी याच्या अगदी उलट. तळ खरवडत जाणाऱ्या बारीक जाळ्यात कोळंबीबरोबर पिल्लं आणि नको असलेले मासे मोठ्या प्रमाणात येतात.

माप महत्त्वाचं. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान मापं ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली पकडायचं नाही, सुरमई ३७० च्या खाली नाही. कोळणीकडे तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळतात ती घेऊ नका. ती एकदाही अंडी न घातलेली असतात. मागणी राहिली तर नियम कागदावरच राहील.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात येणारे मोठे मासे बर्फात किंवा शीतगृहात ठेवलेले, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेले. या दोन महिन्यांत खाडीचे मासे, शिंपल्या आणि सुकी मासळी खावी. सुकट, बोंबील, सोडे उन्हात वाळतात, त्यांना बर्फ लागत नाही. वाकवल्यावर मोडणारा बोंबील घ्या, लवचीक असेल तर ओल आहे आणि पावसात त्याला बुरशी येणार. आणल्यावर मंद तव्यावर नुसते परतून, गार करून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. गरम असताना भरले तर वाफ धरते.

कोरडवाहू

उत्तम, खाडीकाठ. तेलाबद्दल थोडक्यात माझ्याकडून. बिस्किटं, फरसाण, नूडल्स यांच्या पाकिटावर पामोलिन किंवा ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ असतंच. भारत हा पामतेलाचा सर्वात मोठा आयातदार आहे, आणि आग्नेय आशियातल्या काही मळ्यांसाठी दलदलीची जंगलं सुकवली गेली, तिथून प्रचंड कार्बन हवेत गेला. पण सरसकट दुसरं तेल आणणं हा उपाय पुरेसा नाही, कारण पामचं हेक्टरी तेल भुईमुगाच्या कित्येक पट असतं. तेवढंच तेल भुईमुगातून काढायचं तर जमीन जास्त लागेल. म्हणून आधी एकूण तेल कमी. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरतं. उरलेल्यासाठी करडई, ती कोरडवाहू रब्बीत येते.

सुगरण_खोपा

क्रमात पहिला नंबर वाया जाणाऱ्या अन्नाचा आहे आणि त्यावरच कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज आहे. त्यात सालं-देठंही धरलेली आहेत. चौघांचे २२० किलो. हे सगळं कचरा डेपोत एकावर एक दाबलं जातं, हवा मिळत नाही आणि खाचरासारखाच तिथे मिथेन होतो.

भाजी सडते ती बहुतेक ओलीमुळे. कोथिंबीर आणल्यावर धुऊ नका. मुळं छाटा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा, ८-१० दिवस राहते. फडकं ओलसर झालं की बदला. हिरव्या मिरचीचे देठ काढूनच ठेवा, कुजणं देठापासून सुरू होतं. केळी आणि पालेभाज्या शेजारी ठेवू नका, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनने पाला पिवळा पडतो. बटाटे अंधारात. हिरवा पडलेला भाग सढळ हाताने कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटाच टाका.

उरलेला भात ही सगळ्यात काळजीची गोष्ट. शिजूनही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू भातात असतात. भात कुकरमध्येच रात्रभर राहिला तर ते वाढतात आणि त्यांचं विष फोडणी दिल्यावरही जात नाही. तासाभरात ताटात पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात अशाच भाताचा करावा.

दोडक्याच्या शिरांची चटणी सगळ्यांना माहीत असते, तरी ती चामट होते. १ वाटी शिरा बारीक चिरून, १ चमचा तेलात, मंद आचेवर ७-८ मिनिटं झाकण न ठेवता परता. झाकलं की वाफेने मऊ पडतात. कुरकुरीत झाल्यावर २ चमचे तीळ, २ चमचे सुकं खोबरं, ४ लसूण पाकळ्या, तिखट आणि मीठ. कुटून काढा, मिक्सरमध्ये फार फिरवू नका. फ्लॉवरचे दांडे वरचं तंतुमय साल काढून पिठल्यात किंवा सांबारात चालतात. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून.

दुधी आणि दोडका यांची एक चकती कच्ची चाखा. कडू लागली तर ती फेकलीच पाहिजे. कडूपणा कुकुर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो आणि त्याने गंभीर विषबाधा होते. वाया जाऊ नये म्हणून हे खाऊ नका, रसही काढू नका.

राहिलेल्या सालांचं खत. ओला कचरा जितका, तितकीच वाळलेली पानं किंवा कोकोपीट, थरावर थर. वास येतोय म्हणजे पाणी जास्त आहे : कोरडा माल वाढवा आणि हलवा. महिनाभरानेही काही होत नसेल तर फार कोरडं आहे, ताक शिंपडा. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कुजवणाऱ्याच असतात.

टेम्सकाठी

कोरडवाहूंनी विमानाचा अपवाद सांगितला, त्यात आमचा हापूस येतो. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, विमानाने एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे साधारण १ किलो उत्सर्जन धरलं तर १ किलो आंब्यामागे ७ किलोच्या पुढे. सालकोय धरून. डब्यातला रस जहाजाने येतो आणि त्यात साल-कोयीचं वजन नसतं. इथे लंडनच्या इंडियन दुकानातलं ज्वारीचं पीठ, तूरडाळ, गोठवलेली मेथी हेही साधारणपणे जहाजानेच येतं, त्यामुळे त्याबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही. ताजी भेंडी, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता हे मात्र विमानाने येतं. पीठ घेताना दळल्याची तारीख बघा. जहाज आणि गोदाम मिळून काही महिने सहज जातात, मग वर सोलापुरी_मालदांडी म्हणतात तशी भाकरी तुटणारच. अख्खी ज्वारी मिळत असेल तर ती घ्या.

शेवगा

अख्खी ज्वारी घरच्या मिक्सरवर दळता येते का?

सोलापुरी_मालदांडी

येते, पण एका वेळी पाऊण वाटीच घ्या आणि अर्ध्या मिनिटाने थांबा. भांडं तापलं की पीठ आतच गरम होतं आणि भाकरी कोरडी येते. दोनदा मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेली कणी पुढच्या घाण्यात टाका. शेवटी उरलेल्या जाड कण्या ताकात रात्रभर भिजवून सकाळी शिजवा, मीठ-जिरं घालून. ज्वारीच्या कण्यांसाठी हे प्रमाण : १ वाटी कण्या, १ वाटी ताक, ३ वाट्या पाणी, मंद आचेवर २५ मिनिटं, सतत ढवळत. ढवळणं थांबलं की तळाला लागतात.